गोळीच्या वजनातील तफावत : आलेखाद्वारे निदान

प्रस्तावना

एकाच खलातील कल्क, एकच भावना, एकच यंत्र आणि एकच कारागीर असला, तरी दोन गोळ्या तंतोतंत सारख्या वजनाच्या उतरत नाहीत. निर्मिती हाताने होवो वा यंत्राने, तफावत ही राहणारच. म्हणून औषधनिर्मात्यापुढील खरा प्रश्न तफावत आहे किंवा नाही हा नसून, ती कोठून येते हा आहे.

वैद्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व उघड आहे. रुग्णाचे बल, वय, अग्नी व कोष्ठ यांचा विचार करून आपण मात्रा ठरवितो. ‘दोन गुंजा’ असे लिहिताना प्रत्येक गोळीत सुमारे २५० मि.ग्रॅ. औषध आहे, हे आपण गृहीत धरतो. त्रिभुवनकीर्ती किंवा आनंदभैरव यांसारख्या वत्सनाभयुक्त कल्पांत तर या गृहीतकावरच रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते. गोळीच मनाला येईल तशी हलकी वा जड होत असेल, तर उपशय आला तो औषधामुळे की अधिक मात्रेमुळे, आणि उपशय आला नाही तो निदान चुकल्यामुळे की मात्रा कमी पडल्यामुळे, याचा निर्णय करणे अशक्य होते.

असे असूनही वजनाची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसते. कोणी कारागिराला दोष देतो, कोणी यंत्राला, कोणी पावसाळी हवेला, तर कोणी कच्चा माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याला. प्रत्येकाजवळ कारण तयार असते. पुरावा मात्र कोणाजवळच नसतो. प्रस्तुत लेखात, कारणाची चर्चा सुरू करण्यापूर्वी तफावतीचे स्थान निश्चित करणारी एक साधी आलेख-पद्धती सोदाहरण मांडली आहे. तिला आलेखाचा कागद, पेन्सिल आणि विश्वासार्ह काटा याहून अधिक काही लागत नाही.

पद्धतीचा पूर्वेतिहास

उत्पादनातील तफावतीचा आलेखाद्वारे अभ्यास करण्याची परंपरा वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञापासून सुरू होते. दूरध्वनीची उपकरणे बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत असता, १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले. त्यात पहिला नियंत्रण आलेख होता. १९३१ साली त्यांचा या विषयावरील मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. पुढे १९४७-४८ मध्ये शूहार्ट स्वतः भारतात आले आणि येथील उद्योगांना या विचाराचा परिचय झाला.

शूहार्ट यांचा आलेख प्रक्रिया स्थिर आहे की बिघडली आहे, हे सांगतो. बिघाड कोणत्या अंगात आहे हे शोधण्यासाठी लिओनार्ड सेडर यांनी १९५० साली आणखी एक आलेख सुचविला. तो ‘मल्टी-व्हॅरी चार्ट’ या नावाने ओळखला जातो; आपण त्यास ‘तफावत-आलेख’ म्हणू. सेडर यांनी आपल्या लेखमालेला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘आकृत्यांद्वारे निदान’ असा होतो. वैद्यांना ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही. रुग्णाचा त्रास सकाळी वाढतो की रात्री, जेवणापूर्वी की जेवणानंतर, कोणत्या ऋतूत बळावतो, असे आपण विचारतोच. व्याधीच्या बल-कालाचा हा विचार संप्राप्तीचाच भाग आहे. तफावत-आलेख तोच प्रश्न यंत्राला व द्रव्याला विचारतो.

तफावतीची तीन घरे

सेडर यांच्या पद्धतीचा गाभा असा : तफावतीची कारणे शेकडो असू शकतात, परंतु तिची घरे मोजकीच असतात. प्रथम घर शोधावे; कारण त्याच घरात सापडते. कच्च्या मालाचे उदाहरण घेतल्यास हे सहज लक्षात येईल.

एखाद्या मूळ-द्रव्याच्या अम्ल-अद्राव्य राखेचे प्रमाण कधी कमी तर कधी अधिक येते. ते अधिक येणे म्हणजे सामान्यतः माती वा वाळू अधिक असणे. येथे तीन शक्यता संभवतात.

पहिली, एकाच पोत्यात वर, मध्ये व तळाशी फरक असणे. हाताळणीत माती खाली बसते आणि तळाचा नमुना वेगळा येतो. दुसरी, एकाच खेपेतील पोत्यापोत्यांत फरक असणे. व्यापाऱ्याने निरनिराळ्या ठिकाणचा माल एकत्र केला असेल तर असे होते. तिसरी, एका खेपेतील पोती परस्परांशी जुळती, परंतु खेपेखेपेत फरक असणे. येथे संग्रहाचा ऋतू, प्रदेश, धुण्याची पद्धत किंवा पुरवठादार यांचा विचार करावा लागतो.

पहिल्या प्रकारात पुरवठादार बदलून काहीही साधणार नाही. चाळणे, मिसळणे आणि नमुना घेण्याची रीत सुधारणे हाच उपाय आहे. तिसऱ्या प्रकारात कितीही चाळले तरी मूळ प्रश्न राहील. घर ओळखल्याशिवाय केलेला उपाय वाया कसा जातो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पूर्वतयारी : काट्याची परीक्षा

आता गोळीच्या वजनाकडे वळू. वजने घेण्यापूर्वी काट्याचीच परीक्षा करावी. एकच गोळी पाच वेळा काट्यावर ठेवून पाच नोंदी कराव्यात. या नोंदींतच तीन-चार मि.ग्रॅ. फरक पडत असेल, तर आपण गोळीची तफावत मोजत नसून काट्याची मोजत आहोत. अडीचशे मि.ग्रॅ.च्या गोळीसाठी निदान १ मि.ग्रॅ. दाखविणारा काटा हवा. तो समपातळीवर असावा, पंखा बंद असावा आणि प्रमाणित वजनाने त्याची रोज पडताळणी व्हावी.

दुसरी गोष्ट नमुन्याची. दिवसअखेर पिंपातून मूठभर गोळ्या काढून तोलल्या, तर त्यांत सकाळच्या, दुपारच्या व संध्याकाळच्या गोळ्यांची सरमिसळ झालेली असते. सरासरी मिळते, पण क्रम नष्ट होतो. आणि क्रम गेला की आलेखाला बोलण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ठरावीक वेळी यंत्रातून लागोपाठ बाहेर पडणाऱ्या पाच गोळ्या घ्याव्यात आणि त्यांवर वेळ व बॅच क्रमांक लिहून ठेवावा. दिवसातून चार वेळा, तीन बॅचसाठी असे केले की साठ वजने होतात. प्राथमिक अभ्यासास एवढी पुरेशी आहेत.

एक सराव-उदाहरण

पुढील आकडे केवळ सरावासाठी योजलेले आहेत. गोळीचे अपेक्षित वजन २५० मि.ग्रॅ. आहे. दिवसभरात यंत्राच्या मांडणीत कोणताही बदल केलेला नाही. प्रत्येक वेळच्या पाच गोळ्यांपैकी सर्वांत हलकी, सर्वांत जड आणि पाचांची सरासरी अशा तीन संख्या मि.ग्रॅ.मध्ये दिल्या आहेत.

पहिली बॅच
सकाळी ९ : २५० ते २५५, सरासरी २५२
सकाळी ११ : २४५ ते २४९, सरासरी २४७
दुपारी २ : २५० ते २५६, सरासरी २५३
दुपारी ४ : २४६ ते २५१, सरासरी २४८

दुसरी बॅच
सकाळी ९ : २५२ ते २५७, सरासरी २५४
सकाळी ११ : २४५ ते २५१, सरासरी २४८
दुपारी २ : २५२ ते २५६, सरासरी २५४
दुपारी ४ : २४६ ते २५१, सरासरी २४८

तिसरी बॅच
सकाळी ९ : २४८ ते २५४, सरासरी २५१
सकाळी ११ : २४४ ते २४९, सरासरी २४६
दुपारी २ : २५० ते २५४, सरासरी २५२
दुपारी ४ : २४४ ते २४९, सरासरी २४७

आलेख काढण्याची रीत अशी. उभ्या अक्षावर २४० ते २६० मि.ग्रॅ. वजन घ्यावे, १ मि.ग्रॅ.ला अर्धा सें.मी. हे प्रमाण सोयीचे पडते. आडव्या अक्षावर क्रमाने बारा वेळा मांडाव्यात आणि दर चार वेळांनंतर थोडी जागा सोडावी, म्हणजे बॅच वेगळ्या दिसतील. प्रत्येक वेळेच्या जागी सर्वांत हलक्या गोळीपासून सर्वांत जड गोळीपर्यंत एक उभी रेघ ओढावी आणि सरासरीच्या ठिकाणी ठळक ठिपका द्यावा. एकाच बॅचमधील ठिपके रेषेने जोडावेत. शेवटी प्रत्येक बॅचच्या एकंदर सरासरीची आडवी तुटक रेषा काढावी.

आलेखाचे वाचन

आता तिन्ही घरांचा क्रमाने विचार करावा.

पहिले घर उभ्या रेघेचे, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांतील फरकाचे. येथे रेघांची लांबी ४ ते ६ मि.ग्रॅ. असून सरासरी ५ मि.ग्रॅ. आहे. ती दिवसभर साधारण सारखीच राहते.

तिसरे घर तुटक रेषांचे, म्हणजे बॅचबॅचमधील फरकाचे. पहिल्या बॅचची सरासरी २५०, दुसरीची २५१ आणि तिसरीची २४९ मि.ग्रॅ. आहे. फरक अवघा २ मि.ग्रॅ. म्हणजे कणरचना, भावना व बंधक द्रव्य बॅचगणिक फारसे बदलत नसावे.

उरले दुसरे घर, वेळेवेळेतील फरकाचे. ठिपके जोडणारी रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली जाते. सकाळी ९ ला वर, ११ ला खाली, दुपारी २ ला पुन्हा वर, ४ ला पुन्हा खाली. आणि हा आकार तिन्ही बॅचमध्ये जसाच्या तसा उमटतो. वरच्या व खालच्या ठिपक्यांतील अंतर सरासरी ५ मि.ग्रॅ.हून किंचित अधिक आहे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे : उभी रेघही पाचाची आणि ही चढउतारही पाचाची, मग दोन्ही सारख्याच नव्हेत काय? तसे नाही. पाच गोळ्यांच्या सरासरीत एकेका गोळीची चूक बरीचशी भरून निघते, त्यामुळे सरासऱ्या मूळ वजनांपेक्षा पुष्कळच कमी हलावयास हव्यात. किती हलाव्यात याचे गणित शूहार्ट यांच्या आलेखात मिळते. पाच-पाचच्या नमुन्यांसाठी रेघांच्या सरासरी लांबीला ०.५७७ ने गुणावे. ५ गुणिले ०.५७७ म्हणजे सुमारे २.९. एकंदर सरासरी २५० असल्याने नियंत्रणाच्या मर्यादा २४७.१ व २५२.९ अशा येतात. बारांपैकी सहा ठिपके या मर्यादांबाहेर आहेत. रेघेच्या लांबीची वरची मर्यादा काढण्यासाठी ५ ला २.११४ ने गुणावे. ती सुमारे १०.६ येते आणि एकही रेघ तेथवर पोहोचत नाही. निष्कर्ष असा, की लागोपाठच्या गोळ्यांतील तफावत स्थिर आहे. वेळेची तफावत मात्र आपोआप घडणारी नाही, तिच्यामागे निश्चित कारण आहे.

आता प्रश्न पुष्कळच लहान झाला. सकाळी ९ व दुपारी २ यांत समान काय, आणि ११ व ४ यांत समान काय? पंच व डाय दिवसभर तेच आहेत, बॅचचे द्रव्यही तेच आहे. म्हणून ती कारणे बाजूस पडतात. कारखान्याच्या दिनक्रमाशी आलेख ताडून पाहता, यंत्राचा हॉपर सकाळी काम सुरू करताना आणि दुपारी जेवणानंतर भरला जातो, असे समजा. हॉपरमध्ये दाणेदार मिश्रणाचा थर उंच असताना डायमध्ये ते दाबाने नीट भरते. थर उतरला की भरणी हलकी होते. शिवाय यंत्राच्या कंपनाने बारीक चूर्ण व मोठे दाणे वेगळे होऊ लागतात. करवतीच्या दात्यांचे कारण येथे संभवते.

परंतु संभवते म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. येथे उपशय-अनुपशयाची रीत उपयोगी पडते. एक दिवस हॉपर थोड्या थोड्या वेळाने भरून निम्म्याच्या वर ठेवावा आणि आलेख काढावा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पूर्वीप्रमाणे उतरू द्यावा. दाते पहिल्या दिवशी नाहीसे झाले व दुसऱ्या दिवशी परत आले, तरच कारण निश्चित मानावे. त्यानंतरचा उपाय म्हणजे निदानपरिवर्जनच : हॉपरची खूण ठरवून त्याखाली थर जाऊ न देणे. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

चाचणी उत्तीर्ण, तरीही दोष

वरील उदाहरणात सर्वांत हलकी गोळी २४४ व सर्वांत जड गोळी २५७ मि.ग्रॅ. आहे. भारतीय औषधकोशातील आवरणरहित गोळ्यांच्या चाचणीत वीस गोळ्या तोलतात. सरासरी वजन २५० मि.ग्रॅ. वा अधिक असल्यास दोनपेक्षा अधिक गोळ्या सरासरीपासून ५ टक्क्यांहून दूर नसाव्यात आणि एकही १० टक्क्यांहून दूर नसावी, असा नियम आहे. २५० च्या ५ टक्के म्हणजे १२.५, ही मर्यादा २३७.५ ते २६२.५ अशी होते. आपल्या साठही गोळ्या तीत बसतात.

म्हणजे दोष असूनही चाचणी उत्तीर्ण होते. मग चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे, की उत्तीर्ण झालेला माल आज काठाच्या आत आहे. तो उद्या आत राहील, याची हमी ती चाचणी देत नाही. पावसाळ्यात मिश्रणाने ओलावा धरला आणि ते अडखळत वाहू लागले, तर हेच दाते अधिक खोल होतील.

कारागिरास दोष देण्यापूर्वी

याच आलेखावरून आणखी एक बोध घेता येतो. समजा, पहिल्या बॅचमध्ये ११ वाजता सरासरी २४७ आल्याचे पाहून दक्ष कारागिराने भरणी ३ मि.ग्रॅ.ने वाढविली. जेवणानंतर हॉपर भरल्यावर दुपारी २ ची सरासरी २५३ ऐवजी २५६ येईल. घाबरून त्याने भरणी ६ मि.ग्रॅ.ने कमी केली, तर ४ वाजता २४८ ऐवजी २४५ येईल. काहीच न करता सरासऱ्यांतील अंतर ६ मि.ग्रॅ. होते, प्रामाणिक दक्षतेने ते ११ मि.ग्रॅ. झाले.

तफावत निव्वळ आकस्मिक असतानाही असेच घडते. प्रत्येक वेळी दिसलेल्या फरकाइतकी उलट दुरुस्ती करीत गेल्यास प्रमाण विचलन सुमारे १.४ पट होते, हे गणिताने सिद्ध आहे. म्हणून ‘प्रत्येक वजनाला यंत्र फिरवा’ ही सूचना हितकर नाही. ठिपका नियंत्रणमर्यादेबाहेर गेला, तरच हात लावावा. आणि तेव्हाही प्रथम कारण पाहावे. ज्या कारागिरावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला जातो, तो पुष्कळदा आपल्याच चुकीच्या सूचनेचे काटेकोर पालन करीत असतो.

इतर आकृतींचे अर्थ

उभ्या रेघाच लांब असून ठिपके एका पातळीत असतील, तर घर पहिले समजावे. दाण्यांचा आकार असमान असणे, मिश्रण नीट न वाहणे किंवा पंचांची लांबी व डायची झीज वेगवेगळी असणे ही कारणे तपासावीत. सोळा पंचांच्या फिरत्या यंत्रात लागोपाठच्या पाच गोळ्या पाचच पंचांची साक्ष देतात, हे येथे विसरू नये. अशा वेळी दोन पूर्ण फेऱ्यांच्या बत्तीस गोळ्या क्रमाने घ्याव्यात. दोन्ही फेऱ्यांत त्याच क्रमांकाची गोळी हलकी निघाली, तर दोष त्या एका पंचात वा डायमध्ये आहे.

रेघा आखूड, दिवसभर ठिपके समपातळीत, परंतु बॅचबॅचच्या तुटक रेषा दूर दूर असतील, तर घर तिसरे. दाण्यांतील ओलावा, बंधक द्रव्याचे प्रमाण, कच्च्या मालाची खेप आणि बॅचच्या आरंभी यंत्र लावण्याची पद्धत यांकडे पाहावे.

ठिपके सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच दिशेने सरकत असतील, तर हळूहळू बदलणारे काहीतरी कारणीभूत असते. हाताने गोळ्या वळणाऱ्या वैद्यांना याचा प्रत्यय येईल. कल्क उघडा राहून सुकत जातो. आकार तोच राखला तरी गोळीतील पाण्याचा अंश बदलतो. ओल्या गोळीचे वजन करून समाधान मानणाऱ्यास वाळल्यानंतरची मात्रा वेगळीच मिळते. येथे कल्क ओल्या फडक्याखाली झाकणे व थोडा थोडा बाहेर काढणे एवढाच उपाय पुरतो.

मर्यादा

या पद्धतीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. एक, आलेख तफावतीचे घर दाखवितो. कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञान व प्रत्यक्ष निरीक्षणच हवे. दोन, वजन समान म्हणजे घटक समान असे नाही. ज्या कल्पात एखादे तीक्ष्ण द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते, तेथे मर्दन अपुरे झाल्यास समान वजनाच्या दोन गोळ्यांत त्या द्रव्याचे प्रमाण भिन्न असू शकते. काटा ते दाखवू शकत नाही. त्यासाठी मिश्रणाच्या निरनिराळ्या भागांतील नमुन्यांचे रासायनिक परीक्षणच करावे लागते. त्या आकड्यांसाठीही आलेख मात्र हाच वापरता येतो.

स्वाध्याय

१. चूर्णाच्या पुड्या भरणाऱ्या तिघी जणी आहेत. प्रत्येकीच्या पुड्या परस्परांशी जुळतात, परंतु तिघींच्या सरासऱ्या भिन्न आहेत. काय पाहावे?
उत्तर : भरणारीच्या काळजीपेक्षा तिघींची मापे. चमचा सपाट भरावयाचा की शीग लावून, हे ठरवून द्यावे व तिन्ही मापे ताडून पाहावीत.

२. तीन बॅचचे वीस-वीस गोळ्यांचे अहवाल उपलब्ध आहेत. गोळ्या पिंपातून एकत्र घेतल्या होत्या. तफावत-आलेख काढता येईल काय?
उत्तर : केवळ बॅचबॅचमधील फरक दिसेल. वेळेची तफावत व लागोपाठची तफावत वेगळी करता येणार नाही, कारण क्रम नोंदलेला नाही.

उपसंहार

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ने २००० सालापासून आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांवर उत्तम निर्मितीपद्धतीचे बंधन घातले. बॅचच्या नोंदी ठेवणे त्यामुळे अनिवार्य झाले. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणारे व बाजारात न विकणारे नोंदणीकृत वैद्य या बंधनातून मुक्त आहेत. रुग्णाविषयीच्या उत्तरदायित्वातून मात्र कोणीच मुक्त नाही. नोंदवहीत बंद असलेले आकडे तपासणी-अधिकाऱ्यास दाखविण्यापुरतेच उपयोगी पडतात. तेच आकडे क्रमाने कागदावर मांडले की ते निर्मात्याशी बोलू लागतात.

ज्यांच्याकडे छोटीशी का होईना निर्मिती चालते, त्या वैद्यबंधु-भगिनींनी एक कल्प निवडून तीन बॅचची साठ वजने घ्यावीत व आलेख स्वतःच्या हाताने काढावा. पहिल्या आलेखातून निदान एक गोष्ट निश्चित कळेल : आपण आजवर ज्या घरात कारण शोधत होतो, तेथे ते होते की नव्हते.